खाण कंपनी आणि आदिवासी गाव: संबंध नीट कशाने राहतात?

कातळफोड्या

खाण हवी की नको यावर इथे आधीच पुरेसं रण माजलंय, ते धागे वर काढा. हा प्रश्न अरुंद आहे. ज्या कंपनीला आदिवासी मुलखात खाण चालवायचीच आहे, तिने गावाशी वागायचं कसं? करारातली कलमं, पैशाचं सूत्र, कोणाला कधी भेटायचं, कुठे फिसकटतं, असं नेमकं लिहा. शाळेत दप्तरं वाटली, क्रिकेटचे सामने भरवले हे सगळ्यांना पाठ आहे.

माझं मत आधी टाकतो, म्हणजे झोडपायला सोपं. लोक म्हणतात जनसुनावणीत बिघडलं. तिथे फक्त दिसतं, बिघडलेलं असतं दोन-तीन वर्षं आधी. आधी भूगर्भ सर्वेक्षण, मग बोअर मारून कोअर (खडकाचा दांड्यासारखा नमुना) काढणं, त्यावरून साठ्याचा अंदाज, त्यावरून खड्ड्याची हद्द, डंपची (टाकाऊ माती-दगडाच्या ढिगाची) जागा, हॉल रोड (डंपरचा रस्ता). एवढं नकाशावर पक्कं झालं की पर्यावरण अहवाल, आणि सर्वांत शेवटी गाव. तोवर बँकेकडे आकडे गेलेले. गावाने "तो ओढा सोडा" म्हटलं तरी समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात नकाशा बदलण्याचा अधिकारच नसतो. मग उरते ती समजूत घालणं. म्हणून पहिली भेट पहिल्या बोअरच्या आधी व्हावी, आणि ज्याला नकाशा बदलता येतो तोच माणूस यावा.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत.

एटापल्ली_लोकल

"कोणाला भेटायचं" यावर लिहितो, कारण नव्याण्णव टक्के कंपन्या इथेच आपटतात.

सरपंचाची सही आणली म्हणजे गाव आलं असं होत नाही. गट ग्रामपंचायतीत चार-सहा गावं असतात आणि पेसाखाली (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) प्रत्येक पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. माडिया गोंडांच्या गावात गायता, पेरमा, भूमिया या पारंपरिक मानकऱ्यांचं काम वेगवेगळं. त्यावर पुन्हा इलाका किंवा पट्टी, म्हणजे अनेक गावांचं एकत्र बसणं. एखादा डोंगर कागदोपत्री एका गावाच्या शिवारात असतो, पण तिथला देव साऱ्या इलाक्याचा असतो. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरावरच्या ठाकूरदेवाला जानेवारीत यात्रा भरते, तिला आसपासची कितीतरी गावं येतात. अशा डोंगराबद्दल पायथ्याच्या दोन गावांशी बोलून मोकळं होणं म्हणजे भांडण विकत घेणं.

दुसरं, वेळ. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. बायका पहाटे अंधारात जंगलात असतात, दुपारी वाळवणाला. मेमध्ये तेंदूपत्ता, त्यावर वर्षाची रोकड उभी असते. जूनपासून धान, आणि पाऊस लागला की भामरागडकडची गावं पुराने तुटतात. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कंपनीच्या वेळापत्रकात मात्र सभा हटकून एप्रिल-मेमध्ये येते, कारण आर्थिक वर्ष नवं सुरू झालेलं असतं. सभेला बायका नव्हत्या म्हणून नंतर ओरडायचं नाही.

तिसरं, भाषा. मराठी सारांश छापला की कायद्याचं काम भागतं, माडिया बोलणाऱ्या म्हातारीचं भागत नाही. दुभाषी गावाने निवडावा आणि त्याची मजुरी आधी ठरावी. कंपनीच्या ठेकेदाराचा मुनीमच दुभाषी असेल तर तो काय गाळतो हे कोणाला कळणार?

कलमकसाई

वर पेसाचा उल्लेख आलाय, तर कायदा जरा सरळ करून ठेवतो. याबाबत दोन्ही बाजूंचा गोंधळ सारखाच असतो.

पेसा, १९९६: खनिज पट्ट्याआधी (म्हणजे खाणीच्या भाडेपट्ट्याआधी) ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे ती गौण खनिजांसाठी. मुरूम, वाळू, दगड. लोह, कोळसा, बॉक्साइट यात येत नाहीत. भूसंपादनाआधी सल्लामसलत हे त्याच कायद्यात वेगळं कलम आहे.

वनहक्क कायदा, २००६: खरा दात इथे आहे. हक्क तपासून मान्य करण्याची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती किमान निम्मी, आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्याच्या प्रस्तावाला ग्रामसभेचं संमतिपत्र जोडणं आवश्यक केलं. २०२२ च्या नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्यांकडे आणि प्रक्रियेत उशिरा ढकलली. त्यावर टीका झाली आणि ती रास्त आहे.

पर्यावरण अधिसूचना, २००६: जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी (अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नाही), चित्रीकरण सक्तीचं. गणपूर्तीची अट मात्र नाही! दहा माणसं आली तरी सुनावणी झाली. आणि तिथे ठराव होत नाही, फक्त म्हणणं नोंदवलं जातं. गावाला वाटतं आपण मतदान करून आलो, कंपनीला वाटतं आपण परवानगी घेऊन आलो. दोघंही चुकलेले.

भूसंपादन कायदा, २०१३: अनुसूचित क्षेत्रात (घटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी मुलखात) ग्रामसभेची पूर्वसंमती. पण गडचिरोलीसारख्या ठिकाणी बहुतेक जमीन वनखात्याची, त्यामुळे खेळ वनहक्कावरच येतो.

बोरूबहाद्दर

@कातळफोड्या, छान लिहिलंत, पण मूळ प्रश्नालाच माझी हरकत आहे. गाव "नाही" म्हणालं तर काय, हे आधी सांगा. "नाही"ला जागा नसेल तर बाकी सगळं आदरातिथ्य.

ओडिशातला नियमगिरी डोंगर घ्या. पायथ्याच्या लांजीगढचा वेदांता कंपनीचा ॲल्युमिना कारखाना आधी उभा राहिला, डोंगरावरच्या बॉक्साइटची परवानगी हातात नसताना. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने वनमंजुरी नाकारली. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा, त्यात तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचे नियमराजा या डोंगरदेवाबद्दलचे धार्मिक हक्कही आले. राज्य सरकारने रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतली मिळून १२ गावं निवडली, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून बसले, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. कारखाना मग बाहेरून बॉक्साइट आणत राहिला. आधी विचारलं असतं तर एवढा पैसा चुकीच्या पायथ्याशी ओतला गेला नसता.

कातळफोड्या

बोरूबहाद्दर, मुद्दा मान्य आहे, पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. "नाही" ऐकायचं तर ते स्वस्त असताना ऐकावं. पाच बोअर मारल्यावरचा नकार पचतो, कारखाना बांधल्यावरचा पचत नाही. कंपनीने स्वतःच्या कागदात आधीच लिहून ठेवावं की अमुक टप्प्याला ग्रामसभेचा ठराव नसेल तर पुढचा खर्च मंजूर होणार नाही.

पर्थवासी_पंत

ऑस्ट्रेलियातलं जुकन गॉर्ज इथे आलंच पाहिजे. २४ मे २०२० ला पिलबारामध्ये रिओ टिंटोने लोहखनिजासाठी सुरुंग लावून दोन शैलाश्रय (गुहेसारखे खडकातले निवारे) उडवले. त्यातल्या एकात ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाणारा मानवी वावर होता. जागा पुटू कुंटी कुर्रमा आणि पिनिकुरा (पीकेकेपी) लोकांची.

लोक समजतात की कंपनीने बेकायदा केलं. नाही, परवानगी होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९७२ च्या वारसा कायद्याच्या कलम १८ खाली २०१३ मध्ये मिळालेली. करारही होता. तरी असं का झालं, ते पाहा:

२०१४ च्या उत्खननात सुमारे ७,००० वस्तू सापडल्या. त्यात माणसांच्या केसांची वेणी घालून केलेल्या, सुमारे ४,००० वर्षं जुन्या पट्ट्याचा तुकडा होता आणि त्याचा डीएनए आजच्या पीकेकेपी लोकांशी जुळला. पण २०१३ ची परवानगी नव्या माहितीवर पुन्हा उघडायची सोयच कायद्यात नव्हती.

खड्ड्याचे चार पर्याय कंपनीकडे होते, तीनांत शैलाश्रय वाचत होते. ते तीन समाजासमोर ठेवलेच गेले नाहीत. संसदीय चौकशीत हे बाहेर आलं. चौथ्या पर्यायात सुमारे ८० लाख टन जास्त माल मिळत होता.

करारात तोंड बंद ठेवायची कलमं होती, कंपनीच्या संमतीशिवाय जाहीर आक्षेप नाही. समाजाच्या लोकांनी जुलैतल्या एका कार्यक्रमासाठी तिथे जायची परवानगी मागितली, तेव्हा मे महिन्यात कळलं की भोकांत दारू भरायला सुरुवातही झाली आहे. भरलेली दारू सुरक्षितपणे काढता येत नाही म्हणून स्फोट झालाच.

सप्टेंबर २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तीन वरिष्ठांना जावं लागलं. नंतर कंपनीने समाज-संबंधांची जबाबदारी थेट खाणी चालवणाऱ्या विभागांकडे दिली. आधी ती जनसंपर्काच्या बाजूला लटकली होती. माझ्या मते सगळ्यात उपयोगी धडा हाच, संघटनेच्या तक्त्यातला. ज्याच्या हाती सुरुंगाचं वेळापत्रक आहे त्याच्याच गळ्यात ही जबाबदारी बांधा.

फणसगरा

__/\__ पंत. असे प्रतिसाद आले की धागा फुकट जात नाही.

टुंड्रा_तात्या

चांगली उदाहरणं हवीत ना? उत्तरेकडची घ्या. सगळी गोड नाहीत, पण कलमं शिकण्यासारखी आहेत.

क्विबेकमधली रॅगलान निकेल खाण, करार १९९५, मकिविक कॉर्पोरेशन (तिथल्या इन्युइट लोकांची संस्था) आणि सॅल्युइट व कांगिकसुजुआक या दोन इन्युइट गावांशी. भांडवल वसूल झाल्यावर वार्षिक नफ्याचा ४.५ टक्के वाटा, शिवाय काही ठराविक रकमा. दोन्ही बाजूंची मिळून समिती. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जहाजं बंद, कारण तो सीलच्या विणीचा काळ आणि लोक बर्फावरून ये-जा करतात.

लाब्राडोरमधली व्हॉइसीज बे. इन्नू आणि इन्युइट या तिथल्या दोन आदिवासी समाजांशी २००२ मध्ये वेगवेगळे करार. हिवाळ्यात जहाज गोठलेला समुद्र फोडत जातं, म्हणजे शिकारीला जाणाऱ्याचा रस्ताच तुटतो. म्हणून जहाज गेल्यावर त्या चिरेवर तरंगते पूल टाकतात आणि वाट खुणा लावून दाखवतात. बर्फ पहिल्यांदा धरतं तेव्हा आणि वसंतात वितळायला लागतं तेव्हा जहाज नाही. ही खबरदारी टेबलावर बसून सुचत नाही, बर्फावर चालणाऱ्याला विचारलं तरच सुचते.

डायविक हिऱ्यांची खाण, नॉर्थवेस्ट टेरिटरीज. २००० चा पर्यावरण करार, पाच आदिवासी पक्ष सह्या करणारे, आणि देखरेखीचं मंडळ कंपनीपासून वेगळं. लाक द ग्रा तलावातले मासे काही वर्षांनी एकदा वडीलधारे तळावर येऊन कापतात, यकृत-कल्ले पाहतात, शिजवून चव घेऊन सांगतात. त्याच माशांचे नमुने पाऱ्याच्या तपासणीला प्रयोगशाळेत जातात. दोन्ही निष्कर्ष एकाच अहवालात. "पाणी प्रमाणाच्या आत आहे" या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही, स्वतः चाखलेल्या माशावर ठेवतात.

आणि अलास्कातली रेड डॉग जस्त-शिसे खाण. इथे जमीनच इनुपियाट लोकांच्या नाना कॉर्पोरेशनची. करार १९८२, खाण १९८९ पासून. भांडवल वसूल होईपर्यंत मालाच्या निव्वळ विक्रीमूल्यावर ४.५ टक्के, त्यानंतर निव्वळ उत्पन्नात २५ टक्के, दर पाच वर्षांनी ५ ने वाढत ५० पर्यंत. नोआटक आणि किवलिनाच्या जाणत्यांची समिती असते, कॅरिबूंचे कळप बंदराच्या रस्त्याजवळ आले की ट्रक थांबवतात. एवढं असूनही नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या किवलिना गावाने सांडपाण्यावरून दावे लावले. मालकी आहे म्हणून गाऱ्हाणी संपली असं नसतं.

सदाशिव_पेठी

नानांना ५० टक्के? आमच्याकडे नानांना सोसायटीत स्कूटर लावायला जागा मिळत नाही.

ताळेबंद

:D

पैशाच्या सूत्रावर थोडं. रॅगलानचा वाटा नफ्यावर, रेड डॉगचा सुरुवातीचा वाटा विक्रीवर. गावाच्या बाजूने बसलात तर पहिली काही वर्षं विक्रीमूल्यावर किंवा टनावर मागा. नफा हा हिशेबनीसाच्या हातातला आकडा. घसारा, मूळ कंपनीचं व्याज, व्यवस्थापन शुल्क, स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकलेला माल, असं वजा करत गेलं की नफा शून्य दाखवता येतो. टन मात्र काट्यावर दिसतात. काट्याच्या नोंदी पाहायचा आणि स्वतःचा लेखापरीक्षक नेमायचा हक्क करारात हवा, आणि त्याची फी कंपनीने आधी वेगळ्या खात्यात भरून ठेवावी. दर महिन्याला बिल मंजुरीला पाठवायचं म्हटलं की लेखापरीक्षक कंपनीचाच होतो.

भारतात सूत्र कायद्यानेच ठरलंय, जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित भागासाठीचा न्यास. २०१५ च्या दुरुस्तीनुसार जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्यांवर १० टक्के. उदाहरणादाखल लोहखनिजाची सरासरी विक्री किंमत टनाला ४,००० रुपये धरा. रॉयल्टी १५ टक्के म्हणजे ६००. जुन्या पट्ट्यावर प्रतिष्ठानला १८०, लिलावातल्यावर ६०. वर्षाला १० लाख टन काढले तर १८ कोटी आणि ६ कोटी. लिलावातली भरमसाट बोली राज्याच्या तिजोरीत जाते, गावाजवळच्या खात्यात नाही. म्हणजे खाण जितकी नव्या पद्धतीची, तितका बाधित भागाचा वाटा कमी!

आणि हा पैसा गावाच्या खात्यात येत नाही, जिल्ह्याच्या न्यासात जातो. अनुसूचित क्षेत्रात त्याच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. ही तरतूद ग्रामसभांना माहीत नसते आणि माहीत करून देण्याची घाईही कोणाला नसते. कंपनीला खरंच चांगलं दिसायचं असेल तर दर तिमाहीला किती रॉयल्टी भरली, किती प्रतिष्ठानला दिले, हा आकडा गावाच्या फलकावर लावावा. खर्च रंगाचा डबा.

बोरूबहाद्दर

ताळेबंद, पैसा वाटून घ्यायला गाव एक असावं लागतं. खाणीने गाव फुटतं ते पैशावरच. ट्रकमालक एकीकडे, जंगलावर जगणारे दुसरीकडे.

एटापल्ली_लोकल

बाप्पा, गाव आधीपासून एक होतं असं कोण म्हणालं? नोकरीचं कलम बघा. "स्थानिकांना प्राधान्य" लिहितात, स्थानिक म्हणजे कोण ते लिहीत नाहीत. मग तालुक्याच्या ठिकाणचा, जिल्ह्याचा, विदर्भाचा, सगळेच स्थानिक. व्याख्या गावांच्या नावानिशी द्यावी. आणि आकडा कंपनीच्या पटावरचा की ठेकेदाराच्या, हे लिहावं. खाणीतले बहुतेक हात ठेकेदाराकडे असतात, तिथे हे कलम पोचतच नाही. डंपर चालवायचं प्रशिक्षण खाण सुरू व्हायच्या आधी संपायला हवं, नाहीतर ऑपरेटर बाहेरून येतात आणि गावाला पाणी मारायचं काम उरतं.

सुरुंगमास्तर

रोजच्या तक्रारीतली पहिली: भिंतीला तडा. यावर प्रेमाने बोलून काही होत नाही, मोजमाप लागतं.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात जमिनीच्या कंपनाची मर्यादा आहे. कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी, कच्च्या आणि विटा-सिमेंटच्याही, ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना २, ५, १०. देवस्थानाला ही दुसरी ओळ लावावी, कोणी सांगायची वाट न पाहता.

पहिल्या सुरुंगाआधी प्रत्येक घराची पाहणी: सगळ्या भिंतींचे फोटो, तड्याशेजारी पट्टी धरून, तारखेसह, घरमालकाची सही, आणि एक प्रत घरमालकाकडे. ही प्रत देणं हटकून राहतं. मग दोन वर्षांनी तडा जुना की नवा यावर दोघांकडे दोन पुरावे. कंपनमापक कंपनीच्या कार्यालयात नको, सर्वांत जवळच्या घराच्या पायाशी हवा. मर्यादा ओलांडली तर दर डिलेला (एका क्षणी) उडणारी दारू कमी करा, इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर वापरा. सुरुंगाची वेळ ठरलेली, भोंगा ठरलेला. गावात मयत असेल त्या दिवशी सुरुंग नाही, हे एक वाक्य करारात घाला. याला पैसा लागत नाही.

दुसरी तक्रार, लाल पाणी. डंपच्या पायाला भिंत, भोवती चर, खाली गाळाचं तळं, हे प्रत्येक आराखड्यात असतं. तळ्यातला गाळ काढायची तारीख नसते. तळं मेअखेर रिकामं नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात गाळ थेट धानाच्या बांधीत. तळं रिकामं झालं का, ते गावाच्या माणसाने पाहून सही करावी.

मांडवीकाठ

लाल पाण्याचं विचाराल तर गोव्याला विचारा. शेतात उतरलेला गाळ सांगे-केपे-डिचोलीत पिढीने पाहिला आहे. गंमत म्हणजे गोव्यात गावडा, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, पण अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणजे पेसा नाही. कलमकसाईंची अर्धी यादी इथे गळून पडते, वनहक्क तेवढा उरतो. केपे तालुक्यातल्या कावरे गावात लोकांनी खाणीविरुद्ध लढून पुढे "चालवायचीच असेल तर आमची सहकारी संस्था चालवेल" अशी मागणी केली होती. त्यावर सरकारी पक्षाचा उत्साह किती होता ते विचारू नका.

वाचनमात्र

पण गावाने अभ्यास कुठून करायचा? शेकडो पानांचा पर्यावरण अहवाल कोण वाचणार?

एटापल्ली_लोकल

@वाचनमात्र, मेंढा (लेखा) वाचा. धानोरा तालुक्यातलं गाव, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं, देशातल्या पहिल्यांपैकी. तिथे अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही बसतो, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला. कंपनीने याच्याशी जुळवून घ्यायचं तर "आजच्या बैठकीत ठराव घ्या" हे वाक्य विसरावं. अभ्यासगटाला जलभूवैज्ञानिक हवा असेल तर खर्च द्यावा, निवड गावाची.

कलमकसाई

यात एक पुस्ती. ठरावाचं इतिवृत्त सभेतच वाचून दाखवा, तिथेच सह्या-अंगठे, तिथेच प्रत. "इतिवृत्त नंतर लिहून आणतो" म्हणून कोरी वही नेली, की पुढे बनावट ठरावाची तक्रार येते, आणि मग प्रामाणिक कंपनीलाही स्वतःचा बचाव करता येत नाही. हजेरीची सही आणि संमतीची सही वेगळ्या पानांवर हवी. चहाबिस्किटांच्या हजेरीपटाची पुढे संमती झाल्याच्या तक्रारी काही कमी नाहीत.

बोरूबहाद्दर

कातळफोड्या, मूळ प्रश्नावर परत येतो. पंतांच्या जुकनवरून एक कलम सुचवतो, हे असेल तर माझा अर्धा विरोध मागे. नवी माहिती आली (नवं देवस्थान, नवा झरा, वाढीव उत्पादन) की ठराव आपोआप पुन्हा ग्रामसभेपुढे. आणि तोवर त्या भागात काम बंद.

कातळफोड्या

वाढीव उत्पादन घालायलाच हवं. ३० लाख टनांना दिलेली मान्यता १ कोटी टनांना लागू धरणं हा नेहमीचा खाक्या आहे. "काम बंद" मात्र सगळी खाण नको, तो भाग आणि भोवतालचं ठरलेलं अंतर. नाहीतर कंपनी हे कलम कधीच मान्य करणार नाही. किती अंतर धरावं? @सुरुंगमास्तर

सुरुंगमास्तर

सुरुंगाचा धोकापट्टा ५०० मीटरचा धरतात, निदान तेवढं. झरा असेल तर मीटर मोजून उपयोग नाही, तो कुठून भरतो ते पाहा. त्यासाठी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाण्याची पातळी हवी, खाण सुरू व्हायच्या आधीची. ती कोणी घेऊन ठेवलेली नसते.